प्रत्येक वेळी बोळ उरायचा

"तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं ज्यांना खाली लिहायचं आहे त्यांनी तसदी घेऊ नये. ते मला माझ्या नवऱ्याने आधीच सांगून झालंय, तेही कागदावर गणित मांडून. मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलेली बाई आहे. हॉस्टेलवर अमावस्या, उतारे, चिंचेवरची बाई असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून सरळ मेसला जायची. या सदरातले अनुभवही आजवर जेवताना हसायला म्हणून वाचत आले... तेव्हा आज मी लिहायला बसले आहे ती हौस म्हणून नाही. मला राग आला आहे. नेमका कुणावर, हे मात्र मलाही अजून ठरवता आलेलं नाही.

माझं माहेर नांदेडचं, वजिराबाद. सासर लातूर — म्हणजे आता लातूर. मूळ गाव औसा तालुक्यातलं, त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेलं. नाव देत नाही, तिकडची मंडळी हे वाचतात. आम्ही राहतो औसा रोडच्या आतल्या बाजूला. नवरा श्रीकांत ट्यूशन एरियात फिजिक्स शिकवतो. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी — प्रत्येक खांबावर टॉपरचा फोटो, प्रत्येक गल्लीत हॉस्टेल, मेस आणि झेरॉक्स, आणि रस्त्यावर सगळी सतरा-अठरा वर्षांची पोरं पाठीला सॅक लावून. डॉक्टर बनवायचा कारखानाच.

मी घरून काम करते. काम काय, ते सांगितलं की पाहुणे आधी हसतात आणि मग "पण असं ऑनलाइन नोकरीचं काही बघत का नाही?" असं विचारतात. मी टेबलवर खेळायच्या खेळांसाठी नकाशे काढते. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात, लहान लहान सोंगट्या नकाशावर फिरवतात आणि मिळून एक गोष्ट खेळतात. त्यासाठी गाव लागतं, जंगल लागतं, किल्ला लागतो. मी ते चौकोनी तुकड्यांत काढते. गिऱ्हाइकाने फाइल विकत घ्यायची, घरी छापायची, पुठ्ठ्यावर चिकटवून कापायची आणि हवं तसं जोडायचं. आज एक गाव, उद्या त्याच तुकड्यांचं दुसरं गाव. प्रत्येक तुकड्याचा रस्ता बरोबर कडेच्या मध्यावर संपतो, म्हणजे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला, कसाही फिरवून जुळतो. माझा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

मागच्या वर्षी मी 'जुनं गाव' नावाचा संच काढला. परदेशी किल्ले आणि दारूचे गुत्ते काढून कंटाळा आला होता. म्हटलं, आपलं काहीतरी काढू. वेस, पार, मारुती, आड, मातीच्या सपाट छपरांची माळवदाची घरं, गुरांचे गोठे, एक अरुंद बोळ. कंधारला माझी मावशी राहते, तिथल्या गल्ल्यांत मी लहानपणी उन्हाळे काढले, ते सगळं डोळ्यांसमोर ठेवून काढलं. हे नीट लक्षात ठेवा... कंधार. सासरचं जुनं गावठाण मी आजतागायत पाहिलेलं नाही. तिथे आता वेड्या बाभळी माजल्यात. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि फोटो म्हणाल तर एकही नाही. होते ते त्या पहाटे घराबरोबरच गेले.

संच विकायला ठेवला आणि पंधरवड्यात पुण्याच्या एका महाशयांची तक्रार आली. "मॉड्युलर म्हणून विकता आणि एकच नकाशा तयार होतो. एक तुकडा तर कायम उरतो. पैसे परत करा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुकडा उरणारच, एक जास्तीचा मी मुद्दाम देते, अदलाबदल करायला. तसं पहिल्याच पानावर लिहिलंय. आणि एकच नकाशा? अरे बाबा, हाताने उचल आणि दुसरीकडे ठेव की! खेळता येईना, नकाशा वाकडा. मी अगदी सभ्य भाषेत उत्तर दिलं आणि टेबलाचा फोटो मागवला.

फोटो आला. खाली वेस, सरळ वर पार, मग उजवीकडे वळून आड, आडाला लागून एक घर, त्याच्या पलीकडे दुसरं घर. बाकी गाव डावीकडे. आणि टेबलाच्या कोपऱ्यात उरलेला तुकडा — बोळाचा.

आठवड्याने बेंगळुरूहून एक तक्रार. मग कॅनडातून एका बाईंची, अगदी गोड शब्दांत, पण तक्रारच. या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तिघांचे फोटो मी स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. वेस, पार, आड, घर, पलीकडे घर... आणि बोळ बाहेर. तिघांकडे.

मला वाटलं, कुणीतरी माझी खोडी काढतंय. या धंद्यात बायका कमी, आणि टपून बसलेले पुष्कळ. मी फाइल दहा वेळा तपासली. प्रत्येक कड मोजली. काही चूक नव्हती. शेवटी युनूसच्या दुकानातून नवीन संच छापून घ्यायला गेले.

युनूसची ओळख करून द्यायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ट्यूशन एरियात त्याचं प्रिंटिंगचं दुकान आहे. तो आमच्या मूळ गावचा, सासऱ्यांच्या अगदी शेजारच्या घरातला. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. भूकंप झाला तेव्हा आत्याबाई गावात नव्हत्या. श्रीकांतच्या वेळी बाळंतपणाला माहेरी, नांदेडला गेल्या होत्या. थोरली मुलगी चिमी पाच वर्षांची, ती आजीला सोडून यायला तयार नव्हती, म्हणून गावीच राहिली. अण्णा गणपती बोळवून रानात राखणीला गेले, म्हणून वाचले. जमीन हलल्यावर धावत गावात आले. पण अंधार, धूळ, सगळीकडे दगडमातीचे सारखेच ढीग... त्यांना स्वतःचं घर ओळखू आलं नाही. आपलं समजून त्यांनी शेजारचा ढीग उपसला. त्यातून युनूस निघाला, अडीच-तीन वर्षांचा, जिवंत. मग चूक कळली. आपलं घर उपसून होईपर्यंत दुपार झाली होती. चिमी आणि आजी, दोघी गेल्या होत्या.

आमच्या घरात याला 'अण्णांची चूक' म्हणतात. लग्नकार्यात पाहुणे अजून कुजबुजतात, "सोताचं घर वळखू आलं न्हाई बगा ह्या मानसाला." एकाने तर माझ्यासमोर "गनपतीत पिऊन असंल" म्हटलं होतं. ज्या माणसाने जन्मात सुपारी तोंडात टाकली नाही त्याच्याबद्दल! उचलली जीभ लावली टाळ्याला. अण्णा ऐकतात आणि गप्प बसतात.

आत्याबाई त्यांच्याशी थेट बोलत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच बघते आहे. अण्णा समोर पाटावर बसलेले असतात आणि आत्याबाई मला सांगतात, "मनीषा, त्यान्ला म्हनावं भाकर गरम हाय." अण्णा मला सांगतात, "हाव म्हनावं." मी टेलिफोन एक्स्चेंज.

युनूसवर मात्र आत्याबाईंनी कधी राग धरला नाही. त्याचे आईवडील त्या ढिगाऱ्यातच गेले. आजोबा उदगीरच्या बाजाराला गेले होते, तेवढेच उरले. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी शेजारी राहताना आत्याबाईंनी एका मांडीवर श्रीकांतला आणि दुसऱ्या मांडीवर युनूसला घेऊन भरवलंय. तो त्यांना अम्मा म्हणतो. येता-जाता हसत सांगतो, "अण्णा चुकले म्हनून मी हाय!" सगळे हसतात. अण्णा चपलेकडे बघतात.

तर मी दुकानात गेले, तेव्हा युनूसच उलट माझ्यावर करवादला. "भाभी, तुमी मागं टाकून गेलेला सेट काउंटरवर पडलेला. नोट्सला थांबलेली पोरं मांडून राहिलीत. रोज नवी पोरं, आन रोज तेच गाव. हे काय लफडं हाय?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं, मी जादू करते?" तो म्हणाला, "मला काय ठावं? इंजिनेर तुमी." मी नवीन संच उचलला आणि तणतणत घरी आले.

रविवार होता, दुपार. श्रीकांतला सगळं सांगितलं. त्याने आधी तो नेहमीचा शिकवणीतला चेहरा केला. माणसाचा मेंदू पॅटर्न शोधतो, वगैरे. पंचवीस तुकडे किती प्रकारे मांडता येतात ते कागदावर लिहून दाखवलं. शून्यं ओळीत मावेनात. "म्हणजे हे अशक्य आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग मांड." त्याने तुकडे पालथे करून पिसले, न बघता एकेक उचलला आणि टेबलावर ठेवत गेला. जुळवायचा प्रश्नच नव्हता. सगळे सरळ केले. वेस, पार, आड, घर, पलीकडे घर. हातात उरलेला तुकडा त्याने उलटून बघितला. बोळ.

त्याने पुन्हा पिसले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं. "तू कापताना काहीतरी गडबड केलीस," एवढं म्हणाला आणि आंघोळ झालेली असताना परत आंघोळीला गेला. मी इतकी संतापले होते की टेबल तसंच ठेवून खुर्चीत बसून राहिले.

तेवढ्यात आत्याबाई शेंगा फोडायला सूप घेऊन आल्या. त्यांनी टेबलावर सूप ठेवायला जागा बघितली... आणि उभ्याच राहिल्या. मग सूप जमिनीवर ठेवलं. बोट पुढे करून आडावर ठेवलं.

"हितं माझी तांब्याची घागर पडली होती," त्या म्हणाल्या. "नवी. रुखवतातली."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "आत्याबाई, हे कंधारवरून काढलंय."

"कंदार कशाचं? हे आपलं घर. हे युनूसचं. हा पार. हितनं आमाला जाता येत नव्हतं, मानसं बसायची ना पारावर. सुना मागच्या बोळानंच जायच्या. वढ्याला, रानात, कुठंबी." त्यांचं बोट दोन्ही घरांच्या मागे गेलं आणि थांबलं. "बोळ कुठाय?"

मी उरलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बघितला, ओळखीचं माणूस भेटावं तशा हसल्या, आणि घरांच्या मागे ठेवायला गेल्या. जागाच नव्हती. तिथे भिंतीला भिंत लागली होती. त्यांनी इकडून ठेवून पाहिला, तिकडून ठेवून पाहिला. मग तुकडा हातात घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"रानातनं येताना बोळच जवळ पडायचा," त्या हळू म्हणाल्या. "बोळातनं आलं की आदी युनूसचं घर. मंग आपलं. म्हनून चुकले आसं मी धरून चाललेली." त्यांनी हातातल्या तुकड्याकडे बघितलं. "पन बोळ तर बुजला आसंल की गं. दोन्हीकडं पुरुसभर उंच भिंती. पयला तोच बुजला आसंल. मंग हे आले कुठनं?"

त्या बाळंतपणाहून परत आल्या त्या थेट पत्र्याच्या शेडमध्ये. जुनं गावठाण त्यांना कुणी बघूच दिलं नव्हतं. हे मला त्या क्षणी आठवलं. बुजलेला बोळ त्या आज पहिल्यांदा बघत होत्या.

"मनीषा," त्या म्हणाल्या, "त्यान्ला बोलीव." मग लगेच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." आणि स्वतःच दाराकडे तोंड करून हाक मारली, "अवो! हिकडं या जरा."

अण्णा ओसरीतून आले ते घाबरूनच. टेबलाकडे बघितलं आणि चष्मा काढून हातात धरला.

"तुमी येशीतनं आलाव का बोळातनं?"

अण्णांची नजर घरांच्या मागच्या भिंतींवर गेली. मग म्हणाले, "बोळ बुजला होता."

"म्हंजी येशीतनं. म्हंजी आपलं घर आदी लागलं."

"हाव."

"वळखू आलं नव्हतं?"

"आडाचं कडं उबं होतं. आंधळ्यालाबी वळखू आलं आसतं."

श्रीकांत ओल्या केसांनी दारात येऊन उभा होता. आत्याबाईंनी बोळाचा तुकडा टेबलावर ठेवला. "मंग?"

"हाका मारल्या," अण्णा म्हणाले. "चिमीला मारल्या, आईला मारल्या. लई मारल्या. आतून काईच आवाज न्हाई. आन पल्याडून लेकरू रडून राहिलं होतं." त्यांनी चष्मा परत घातला, परत काढला. "मी आपल्या घरावरून चालत गेलो तिकडं. आपल्याच माळवदाच्या मातीवर पाय देऊन."

मग आत्याबाईंनी विचारलं, "आन मला चुकलो म्हनून कामून सांगितलं?"

"त्या लेकराला तूच भरवत होतीस," अण्णा म्हणाले. "त्याला दुसरं कोन होतं? मी खरं बोललो आसतो, तर तुजा घास त्याच्या त्वांडापर्यंत गेला आसता का?"

मला वाटलं आता आत्याबाई रडतील. मी पाणी आणायला अर्धी उठलेही. त्या रडल्या नाहीत. त्या ताडकन उभ्या राहिल्या, शेंगांचं सूप पायाने लवंडलं, आणि आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या —

"मला इतकी हलक्या काळजाची समजलाव? आं? इतकी वर्सं? तुमी त्या लेकराला काडलं म्हनून मी त्याला उपाशी ठिवलं आसतं? मला इचारलं का एकदा? मी बी तिकडंच गेले आसते! रडणाऱ्या लेकराकडं कोन जात न्हाई? आन लोकांनी तुमाला येडं म्हनलं, पिदाड म्हनलं, मी बी म्हनलं मनातल्या मनात... आन तुमी ऐकून घेतलं. मला पापात घातलं तुमी!"

अण्णा मान खाली घालून ऐकत होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. बायको आपल्याशी बोलते आहे, एवढंच बहुधा त्यांना कळत होतं.

त्या दिवसापासून तो संच नीट वागतो. युनूसच्या काउंटरवर पोरं दरवेळी वेगळं गाव मांडतात. पुण्याच्या महाशयांनी तर "दुरुस्त केल्याबद्दल आभार" असं लिहून चांगले तारे दिले. मी काहीही दुरुस्त केलेलं नाही! फाइल तीच, तुकडे तेच. बोळ आता कुठेही बसतो. श्रीकांतने परत एकदा गणित मांडलं, अर्ध्यावर सोडलं, आणि आता विषय काढला की "क्लासला उशीर होतोय" म्हणतो.

न पाहिलेलं गाव माझ्या हातून कसं उतरलं, ते कॅनडातल्या बाईच्या टेबलावर कसं गेलं, आणि त्या पहाटेचंच, बोळ बुजलेलं गाव का मांडलं जात होतं... नाही माहीत. मला राग याचा येतो, की ज्याने कुणी हे सांगायचं ठरवलं त्याला इतक्या वर्षांनी सुचावं? एका माणसाने सगळं आयुष्य वेडा ठरून काढल्यावर? आणि तेही माझ्या पोटापाण्याच्या धंद्यावर तक्रारी आणून? कधी वाटतं, ते पाच वर्षांच्या पोरीचं काम असेल. तिला पारावरच्या म्हाताऱ्यांची भीती नव्हती, ती सगळ्या गल्ल्यांतून हिंडायची, असं आत्याबाई आता सांगतात. मग माझा राग टिकत नाही, आणि मला त्याचाही राग येतो.

घरात आता दिवसभर भांडण चालू असतं. भाकरीवरून, पंख्यावरून, टीव्हीच्या आवाजावरून. दोघं थेट एकमेकांशी भांडतात. मला कुणी मधे घेत नाही.

परवा युनूस छापलेले नमुने घेऊन आला. चहा झाला. जाताना उंबऱ्यावर चपला घालता घालता त्याने सवयीने तोच विनोद केला, "चला अम्मा, निघतो. अण्णा चुकले म्हनून मी हाय, न्हाईतर तुमाला चहा करायचा तरी ताप नव्हता!"

आत्याबाई आतून लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

"ते चुकले नव्हते," त्या म्हणाल्या. "पुन्हा आसं म्हनायचं न्हाई. तुला काडायलाच गेल्ते ते."

युनूस हसत होता, ते हसणं तसंच तोंडावर राहिलं. त्याने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी या वेळी चपलेकडे बघितलं नाही.